डावऱ्या टाक्यांचा कोट

मास्तरांना माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी समोरून येऊन "काय मास्तर, बरंय ना?" म्हणालं की ते हसून मान हलवत, आणि तो माणूस पुढं गेला की मागं वळून बघत. पाठ दिसली की सगळं आठवे. हा उजवा खांदा खाली असलेला, तीन पँट आणि एक कोट. हा बँकेतला, पाठ रुंद, कंबर शोधावी लागते. चाळीस वर्षं माणसांच्या मागं उभं राहून टेप लावल्यावर दुसरं काय होणार. आणि गंमत बघा, अख्ख्या गल्लीच्या पाठी ज्याला तोंडपाठ, त्याला स्वतःच्या पाठीचा पत्ता नव्हता. शिंप्याला आपल्या पाठीचं माप आपण घेताच येत नाही. टेप मानेवर धरला तर खाली पोचत नाही, आणि हात मागं नेला की पाठच बदलते.

दुकान मूळचं त्यांच्या मामांचं. गल्लीच्या वळणावर खाली दुकान, दुकानातूनच वर जाणारा लाकडी जिना आणि वर दोन खोल्या. मामांकडं मास्तर काम शिकले, आणि मामांकडंच काज-बटणाला एक मुलगी आली. डावखुरी. या धंद्यात डावखुरं असणं म्हणजे कटकट. कातर हाताला उलटी बसते आणि हातानं घातलेले टाके भलत्याच बाजूला कलतात. मामांनी पहिल्या दिवशी तिचे टाके बघितले आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितले आणि गप्प बसले, कारण टाके उलटे असले तरी सगळे एकसारखे होते, मामांच्या स्वतःच्या टाक्यांहूनही. दुकानात तिचं नाव 'डावरी' पडलं ते कायमचं. पुढं ती मास्तरांची बायको झाली, एका मुलीची आई झाली, दुकानाची अर्धी मालकीण झाली, तरी डावरी ती डावरीच.

माप कसं घ्यायचं हे मामांनी तिला मास्तरांच्या पाठीवरच शिकवलं. "याच्यावर शीक," म्हणाले, "हा हलत नाही." मास्तर तेव्हा सव्वीस वर्षांचे. दुकानात एक मोठी वही होती, दर गिऱ्हाइकाला एक पान, आणि पानावर मापांच्या खाली 'ठेवण' असा एक रकाना. पोक, डावा खांदा खाली, पोट पुढं, जे काय असेल ते तिथं लिहायचं. ही वही गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत हे बरंच आहे. मास्तरांच्या पानावर तिनं त्या रकान्यात लिहिलं, 'सरळ', आणि खाली रेघ ओढली.

"रेघ कशाला?" मामांनी विचारलं.

"पुन्हा बघायला लागू नये म्हणून," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. ते लग्न त्या रेघेनं जमवलं, असं मामा पुढं मरेपर्यंत सांगत होते.

मामांच्या दुकानाचा एक नियम होता. जुन्या पानावरून कापड कापायचं नाही. गिऱ्हाईक गेल्याच महिन्यात येऊन गेलेलं असो, टेप पुन्हा लावायचा. वही उघडायची ती नंतर, माणूस किती सुटलाय याची मजा बघायला. मामा गेल्यावर हा नियम डावरीनं सांभाळला, तो त्यांच्यापेक्षा कडकपणे. घाईच्या दिवशी मास्तरांचा हात वहीकडं गेला की ती मान वर न करता विचारायची, "मास्तर, कोट वहीला घालायचाय का?" लग्नानंतरही ती त्यांना मास्तरच म्हणायची. 'अहो' म्हणायला मला वेगळं शिकावं लागेल, म्हणायची.

मास्तरांची पाठ नेमकी कधी वाकली ते कुणालाच कळलं नाही, त्यांना तर नाहीच. दिवसाचे सहा तास मशीनवर, उरलेले कापायच्या टेबलावर. टेबल मामांच्या उंचीचं, आणि मामा ठेंगणे. मास्तर त्यांच्याहून चांगले वीतभर उंच. टेबलाचे पाय वाढवायचे असं दर वर्षी ठरे आणि दर वर्षी राहून जाई. डावरी त्यांच्या मागून येता-जाता दोन खांद्यांच्या मध्ये तळहात ठेवायची. "ताठ," एवढंच म्हणायची. मास्तर ताठ होत. ती दोन पावलं पुढं गेली की पुन्हा जैसे थे. संध्याकाळी पाठ भरून आली की मलमही तीच चोळायची आणि चोळता चोळता चार शब्द सुनवायची. ऐकायचं नाही आणि मग आई आई करायचं, हे त्यातलं नेहमीचं.

मग ती आजारी पडली. चौदा महिने. आजाराचं नाव सांगून काय करायचंय. डॉक्टरांकडून आल्यावर मास्तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले होते, एवढं पुरे. पुढं तिचं जिना उतरणं बंद झालं, तशी तिनं कपाटात कित्येक वर्षं जपून ठेवलेलं गडद निळं लोकरी कापड बाहेर काढलं. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. "तुम्हाला लग्नात घालायला कोट शिवते," म्हणाली. मास्तर खाली दुकानात, ती वर खिडकीशी. मशीन नाही, सगळं हातानं. बघू मात्र देत नव्हती. ते वर आले की चादरीखाली सरकवायची. "ट्रायलला बोलावीन तेव्हा या. गिऱ्हाइकानं मधे मधे करायचं नसतं."

मलम मात्र तिनं चुकवलं नाही. हातात जोर उरला नव्हता, त्यामुळे चोळणं कसलं, नुसता हात फिरवणं. मध्येच तो हात पाठीवर पसरून थांबायचा.

"काय झालं गं?"

"काही नाही. दमले."

ट्रायल राहूनच गेली. एका सकाळी मास्तर चहा घेऊन वर गेले आणि तो चहा तिथंच गार झाला.

महिन्याभरानं मुलीनं कपाट आवरायला काढलं. कोट पुरा झालेला होता, अगदी बटणांसकट. त्याच्याखाली दुकानातली मोठी वही, आणि मास्तरांच्या पानात खुणेला त्याच निळ्या कापडाची एक लांबट चिंधी. मास्तर कोट घेऊन खाली आले, दुकानाचा दरवाजा लोटला आणि तीन फळ्यांच्या आरशासमोर उभे राहून त्यांनी तो अंगात घातला. बाह्या बरोबर. मुंढे बरोबर. पण कॉलर मानेपासून सुटून दोन बोटं लांब उभी राहिली, मागची बाजू वर ओढली गेली आणि पुढून कोट नको तेवढा खाली लोंबला. मास्तरांना समजायला क्षणसुद्धा लागला नाही. पोक आलेल्या माणसाला सरळ माणसाचा कोट घातला की असंच होतं. आरशाच्या बाजूच्या फळीत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपली पाठ नीट बघितली. गिऱ्हाइकाची असती तर त्यांनी रकान्यात काय लिहिलं असतं ते त्यांना माहीत होतं.

तिनं वहीवरून कापलं होतं. ज्या बाईनं तीस वर्षं कुणाला वहीवरून कापू दिलं नाही, तिनंच. टेप घेऊन उभं राहायची ताकद नव्हती तिच्यात, दुसरं काय. मास्तरांना कोटाचं वाईट वाटलं नाही. त्यांना वाटलं, एक हाक मारली असती तर मी पाठ करून पलंगाशी बसलो असतो, दिवसभर बसलो असतो. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या सव्वीस वर्षांच्या सरळ पाठीच्या माणसाचा हेवाही वाटला. शेवटचा कोट तिनं त्याच्यासाठी शिवला होता.

मुलगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. नेमकं बोलायची सवय. "बाबा, तुम्ही स्वतः शिंपी. मागं थोडं सोडा. तासाभराचं काम."

"सोडायला आधी उसवावं लागतं."

"मग उसवा."

मास्तरांनी कॉलर उलटी करून तिच्यासमोर धरली. खाली बारीक टाक्यांची ओळ होती, सगळे टाके डावीकडं कललेले. "हे गेलं की गेलं," ते म्हणाले. "आता असा टाका घालणारं कोण आहे?"

"मग काय करायचं म्हणता?"

"कोट राहू दे. पाठ सरळ करतो."

मुलीनं त्यांच्याकडं बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिला वाटलं, बाबांना धक्का बसलाय, होतील हळूहळू ठीक. लग्न तिनंच पुढं ढकललं होतं. त्याला अजून नऊ महिने होते.

समोरच्या लॉन्ड्रीच्या वर एक लांबट हॉल होता. तिथं रोज सकाळी एक बाई व्यायाम शिकवायच्या. यंत्रं नाहीत, वजनं नाहीत. आपलं अंग हेच वजन, असा त्यांचा खाक्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी फळी करायला लावत, म्हणजे कोपरं आणि पायांची बोटं टेकून बाकीचं अंग फळीसारखं अधांतरी धरायचं, म्हणून गल्लीत त्यांना फळीबाई म्हणत. नाड्या आणि इलॅस्टिक बदलून घ्यायला त्या मास्तरांकडं येत, तेवढी ओळख. मास्तर एका सकाळी कोट हातावर टाकून जिना चढून गेले.

"मला यात बसायचंय," ते म्हणाले. "नऊ महिन्यांनी मुलीचं लग्न आहे."

फळीबाईंनी आधी कोट बघितला, मग मास्तरांना. "पोक किती वर्षांचं?"

"तीस तरी."

"तीस वर्षांचं नऊ महिन्यांत सगळं जाणार नाही. त्यात काही हाडांचं असेल, काही सवयीचं. हाडांपुढं माझं काही चालत नाही. सवयीचं बघू. भिंतीला पाठ लावून उभे राहा."

मास्तर उभे राहिले आणि त्यांनी छाती पुढं काढली, पोलीस भरतीला आल्यासारखी.

"ही पाठ सरळ झाली नाही, मास्तर. ही तुम्ही कंबर मोडलीत. बरगड्या खाली घ्या. हनुवटी आत. डोकं वर जाऊ दे, मागं नको." त्यांनी कंबर आणि भिंत यांच्यात हात घालून बघितला, मग डोकं आणि भिंत यांच्यात. डोकं भिंतीला लागतच नव्हतं. किती अंतर आहे ते त्या बोटांनी मोजायला लागल्या, तेवढ्यात मास्तरांनी खिशातून टेप काढून दिला. सव्वातीन इंच भरलं. स्वतःचा टेप घेऊन आलेला माणूस फळीबाईंनी आधी कधी बघितला नव्हता.

"पाठ काही एकट्या पाठीच्या जोरावर उभी राहत नाही," त्या सांगू लागल्या. "पोटाच्या आत पट्ट्यासारखे स्नायू आहेत, कंबरेभोवती फिरलेले. ते ढिले पडले की पाठ बिचारी एकटी किती ओढणार?"

"कोटात कॅनव्हास असतो तसं," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"अस्तर आणि कापडाच्या मधे घालतात. दिसत नाही कुणाला. नसला तर कोट खांद्यावरून गळून पडतो."

"हां. तर तुमचा कॅनव्हास गेलाय," फळीबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

सुरुवात निजून झाली. उताणं पडायचं, हात-पाय वर, गुडघे मोडलेले. मग एका बाजूचा हात डोक्यामागं आणि दुसऱ्या बाजूचा पाय पुढं, श्वास सोडत, सावकाश जमिनीकडं न्यायचा. सोपं वाटतं. गोम अशी की तेवढ्यात कंबर जमिनीपासून सुटता कामा नये. ती सुटते की नाही हे बघायला फळीबाई कंबरेखाली एक नाडी ठेवत आणि बाजूनं ओढत. नाडी सुळकन निघाली की नापास. मास्तरांची पहिले तीन आठवडे रोज निघाली. घरी सराव करायला त्यांनी वहीतली ती निळी चिंधी घेतली. मुलगी कामावर जायच्या आधी चपला घालून शेजारी उकिडवी बसायची आणि चिंधी ओढायची.

"निघाली, बाबा."

"पुन्हा."

"मला उशीर होतोय."

"एकदाच."

मग ओणवं होऊन, हातांवर आणि गुडघ्यांवर, एक हात पुढं आणि विरुद्ध बाजूचा पाय मागं लांब करायचा, तोही पाठ न हलवता. मास्तर पाठीवर खडूची डबी ठेवत, पडली की चूक कळायला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ते टेबलामागं हेच करत होते, तेव्हा लॉन्ड्रीवाला आत डोकावला.

"मास्तर, सुई पडली का?"

"पाठ पडलीय," मास्तर खालूनच म्हणाले. "उचलतोय."

फळीची पाळी आली दुसऱ्या महिन्यात. मास्तर कोपरांवर उभे राहिले, अंग थरथरायला लागलं, खांद्यांच्या मधली जागा खाली बसली. फळीबाईंनी वाकून तिथं दोन बोटं टेकवली. "इथून वर ढकला. जमीन लांब लोटा."

मास्तर गुडघ्यांवर खाली आले आणि तोंड फिरवून बसले. फळीबाईंनी विचारलं तर म्हणाले, दम लागला. दम लागला नव्हता. त्या जागेला इतक्या महिन्यांत कुणाचा हात लागला नव्हता, आणि बोटं दुसऱ्याची होती.

चौथ्या महिन्यात भिंतीपासूनचं अंतर अडीच इंचांवर येऊन अडलं. महिन्याच्या एक तारखेला मास्तर कोट घालून आरशापुढं उभे राहत. त्या एक तारखेला कॉलर गेल्या महिन्याइतकीच लांब होती. मग मास्तरांच्या अंगात आलं. घरी, एकटे असताना, घड्याळ समोर ठेवून त्यांनी दोन मिनिटं फळी धरली. धरली म्हणजे काय, मिनिटाभरात कंबर लोंबली होती, पुढचं सगळं हट्टानं. उठताना पाठीत अशी कळ आली की चार दिवस अंथरुणातून कुशीवर वळणंसुद्धा जमेना.

फळीबाई घरी आल्या. मुलीनं चहा केला, तो प्यायच्या आधी त्यांनी मास्तरांना झाडलं. "वीस सेकंद नीट धरायची आणि खाली यायचं. कंबर लोंबल्यावर ती फळी राहत नाही, झोपाळा होतो. तुम्ही वाकडी शिवण दोनदा मारली तर सरळ होते का?"

"नाही," मास्तर आढ्याकडं बघत म्हणाले.

"आणि मी सकाळी अर्धा तास सरळ करते, तुम्ही खाली जाऊन दहा तास वाकडं करता. ते टेबल आधी वर घ्या."

टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे बसवायला सुताराला पाऊण तास लागला. तीस वर्षं राहून गेलेलं काम. मास्तर टेबलाशी उभे राहिले, कापड पसरलं, कातर उचलली, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण वाकलेलो नाही. हे ती असताना केलं असतं तर? एवढंच मनात आलं. तिला केवढं बरं वाटलं असतं, आणि किती बोलली असती. कातर खाली ठेवून ते बराच वेळ त्या उंच टेबलाला टेकून उभे राहिले. त्या दिवशी कापड तसंच राहिलं.

मग बेत धिम्या गतीचा झाला. वीस सेकंदांच्या फळ्या, मध्ये श्वास. कापड मोजायची लाकडी पट्टी पाठीवर उभी ठेवून कमरेतून वाकायचं, ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला, तिन्हीकडं टेकलेली राहायला हवी. जेवताना, मशीनवर, जिना चढताना बरगड्या खाली आणि हनुवटी आत. सहाव्या महिन्यात एका सकाळी मुलीनं चिंधी ओढली आणि ती आली नाही. तिनं जोरानं ओढली, तरी आली नाही. ती म्हणाली, "बाबा, अडकली." आणि मग दोघंही हसायला लागले, आणि हसल्याबरोबर पोट ढिलं पडून चिंधी निघाली. आईच्या पश्चात त्या घरात एवढं मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं.

अंतर दोन इंचांवर आलं, मग पावणेदोन, मग सव्वा. रस्त्यात लोक विचारू लागले, मास्तर उंच झालात का? कोटाची मागची बाजू जवळजवळ खाली बसली. कॉलर मात्र अजून बोटभर सुटून होती. लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा फळीबाईंनी त्यांना भिंतीशी उभं केलं, स्वतः टेप लावला आणि टेप गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

"मास्तर, सवयीचं होतं ते गेलं. आता उरलंय ते हाडांचं."

मास्तरांनी मान हलवली. सव्वीस वर्षांच्या माणसाच्या एवढं जवळ जाऊन पुढची वाट बंद होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी दुकानात आली. लग्न म्हणजे कचेरीत सह्या आणि मग पंचवीस माणसांचं जेवण, पण दगदग व्हायची ती झालीच होती. मास्तर आरशापुढं कोट घालून उभे होते. कॉलरीमागं फट दिसत होती. मुलगी त्यांच्या मागं आली, तिनं कॉलर बोटानं मानेला लावून बघितली आणि सोडली. कॉलर पुन्हा उभी राहिली.

"बाबा, उसवा."

मास्तरांनी हात मागं नेऊन कॉलरीखालच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"मला पण नकोय ते उसवायला. पण उद्या सगळे म्हणणार, बायकोनं कोट शिवला आणि तो बसत नाही. आईला असलं चाललं असतं? एखाद्याचा कोट बसला नाही तर ती जेवायची नाही."

हे मात्र खरं होतं. मास्तरांनी कोट काढला, उंच टेबलावर पालथा घातला आणि ब्लेड घेतलं. कॉलरीखालचा पहिला टाका कापायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी अख्खी पँट उसवून झाली असती. वीतभर ओळ मोकळी झाली. त्यांनी अस्तर बाजूला केलं आणि थांबले.

कॉलरीच्या आणि खांद्यांच्या शिवणीत, कॅनव्हासच्या थरामागं, पाठीचं कापड दुमडून ठेवलेलं होतं. एरवी तिथं अर्धा इंच सोडतात. इथं दोन इंच होतं. कॅनव्हासमुळे वरून हाताला कधी लागलंच नव्हतं. आणि त्या दुमडलेल्या कापडावर, शिवणीपासून वर, पिवळ्या दोऱ्याची एक कच्ची शिवण होती, इथपर्यंत सोडा असं सांगणारी. टाके डावीकडं कललेले.

मास्तरांनी टेप लावला. दीड इंच. त्यांनी वही उघडली, आरशात महिनोन् महिने बघितलेली कॉलरीची फट आठवली, आणि हिशोब केला. नऊ महिन्यांपूर्वीच्या त्यांच्या पोकाला बरोबर दीडच इंच लागलं असतं, सूतभर इकडं ना तिकडं.

"तिनं माप घेतलं होतं," ते म्हणाले.

"कधी? तिला तर उभंही राहता येत नव्हतं."

"मलम लावताना." मास्तरांनी आपला हात टेबलावर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "असा हात ठेवून थांबायची. वितीनं मोजत होती. मी विचारलं की म्हणायची, दमले."

मुलगी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. मास्तर उभ्या उभ्या रडले, टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून, कोट भिजू नये म्हणून तोंड बाजूला करून. नियम तिनं मोडला नव्हता. वरची शिवण वहीची होती, आतली माणसाची. तिनं त्यांना दोन्ही बघितलं होतं, सरळ आणि वाकलेलं, आणि कुठला कोट घालायचा ते त्यांच्यावर सोडून ती गेली होती.

डोळे पुसून त्यांनी कोट पुन्हा अंगावर चढवला आणि मुलीला टाचण्या लावायला लावल्या. पिवळ्या दोऱ्यापर्यंत जावंच लागलं नाही. अर्धाच इंच सोडला आणि कॉलर मानेला येऊन टेकली. उरलेलं कापड त्यांनी छाटलं नाही. पिवळा दोराही काढला नाही. वय वाढतंय, पुढं लागेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी शिवण घातली. तिचे टाके डावीकडं, मधले वीतभर त्यांचे उजवीकडं, आणि मग पुन्हा तिचे.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर फोटो काढणारा म्हणाला, "काका, जरा ताठ उभे राहा."

"ताठच आहेत ते," मुलगी म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी मास्तर एकटेच होते. मुलगी तिच्या घरी गेली होती, कोट कपाटात होता, आणि पाठ ज्यासाठी सरळ करायची ते तर होऊन गेलं होतं. तरी ते नेहमीच्या वेळेला खिडकीशी सतरंजी टाकून निजले, कंबरेखाली निळी चिंधी घेतली, हात-पाय वर केले. श्वास सोडत उजवा पाय आणि डावा हात खाली नेला. ओढायला कुणी नव्हतं, म्हणून मोकळा राहिलेला हात वरून खाली आणून चिंधीचं टोक त्यांनीच धरलं आणि ओढलं. मग आणखी जोरानं ओढलं.

"निघाली नाही गं," मास्तर म्हणाले, आणि पाय बदलला.